चपलेला उरलेले पैसे आणि उरलेला वेळ

दिवाळीच्या खरेदीची उतरंड आपल्याकडे ठरलेली असते. आधी लेकरांचे कपडे, मग साड्या, मग किराणा, मग पणत्या, रांगोळी, आकाशकंदील. हातात पिशव्या मावेनाशा झाल्या की कुणाला तरी आठवतं, "अगं, चपला राहिल्या की!" मग उरलेल्या पैशात आणि उरलेल्या वेळात समोर दिसेल त्या दुकानात शिरायचं, बसेल ती घालून बघायची आणि निघायचं.

मला ही उतरंड उलटी करावीशी वाटते. पंधरा हजारांची पैठणी वर्षातून दोनदा अंगावर येते, चप्पल रोज पायात असते. तरीही पैठणीचा काठ तासभर पारखणारी बाई चपलेचा तळ उलटून बघत नाही. पैठण तर आपल्याच मराठवाड्यातलं, त्यामुळे पैठणीबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते तिच्याखालच्या अडीचशेच्या चमकीवाल्या सँडलबद्दल, जिचा पट्टा लक्ष्मीपूजनालाच तुटतो.

या घाईत एक गोष्ट मात्र नकळत बरोबर होते. चप्पल संध्याकाळीच घ्यावी. दिवसभर चालून, उभं राहून पाय थोडे फुगलेले असतात. सकाळी दहाला नीट बसलेला बूट संध्याकाळी सहाला आवळतो. म्हणून लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर फिरून पाय दमले की त्याच पायांनी माप बघा. दोन्ही पायांत घाला, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. बसून बघू नका, उभं राहून बघा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आणि दुकानाच्या गालिच्यावर दोन पावलं टाकून भागत नाही, बाहेर फरशीवर चालून या. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

खरी अडचण लांबीची नाही, रुंदीची आहे. आपल्याकडे पायाची मापं ब्रिटिश पद्धतीने चालत आली. त्यांच्या पायापेक्षा आपला पाय पुढच्या बाजूला रुंद असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मोजणी केली, त्यातही हेच निघालं, आणि त्यावरून भारतीय पायासाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली. ती दुकानात येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आपण काय करतो? पाय रुंद म्हणून एक नंबर मोठा घेतो. मग टाच मागे सटकते, बोटं पुढे घसरतात, चालताना चप्पल फटफट वाजते आणि आपण म्हणतो, कंपनीच बेकार. लांबी तीच ठेवून घेर मोठा असलेला साचा मागायचा असतो. पुढून गोल किंवा चौकोनी तोंडाचा बूट, बकल किंवा वेल्क्रोवर सैल-घट्ट होणारा पट्टा, एवढं बघितलं तरी पुष्कळ फरक पडतो. टोकदार मोजडी फोटोत सुंदर दिसते. करंगळीला विचारा मात्र.

"दोन दिवस घाला ताई, आपोआप मोकळी होते." हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस औंढ्यापासून उमरग्यापर्यंत सापडायचा नाही. अस्सल चामडं असेल तर ते खरं आहे, चामडं पायाचा आकार घेतं. पण हजाराच्या आतल्या बहुतेक चपला रेक्झिनच्या असतात. रेक्झिन ताणत नाही, उकलतं. ते मोकळं होईपर्यंत पायाला फोड येऊन फुटलेला असतो. तेव्हा रेक्झिनची चप्पल दुकानात चावली तर ती तिथेच ठेवायची.

आता तळाकडे या. हातात घेऊन दुमडून बघा. बोटांच्या सांध्याशी वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल किंवा कुठेच वाकत नसेल तर पाय दुखणार. पीव्हीसीचा तळ स्वस्त पण जड, आणि मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर घसरतो. ईव्हीए म्हणजे फोमसारखा तळ हलका आणि मऊ, पण रोज वापरला की टाचेपाशी लवकर बसतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ आरामदायक, आणि त्याचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे.

"चांगले बूट कार्याला घालायचे" म्हणून डब्यात, पातळ कागदात गुंडाळून, कपाटावर ठेवायची सवय आपल्या घरोघरी आहे. तीन-चार वर्षांनी पुतण्याच्या लग्नात ते बूट बाहेर निघतात आणि वरात अर्ध्यावर पोचेपर्यंत तळाचा भुगा पडतो. लोक म्हणतात, वापरलेच नाहीत, तरी कसे गेले? पीयू हवेतला ओलावा शोषतं आणि आतून तुटत जातं. चालताना तळ दाबला जातो, ओलावा बाहेर पडतो, म्हणून नुसते ठेवलेले बूट उलट लवकर जातात असं जाणकार सांगतात. ठेवणीतले बूट घालून संपवा. आणि सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा जोड घेताना डब्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. जुना माल असेल तर तळावर नख दाबून बघा. खूण उठून राहिली किंवा चिकट लागलं तर स्वस्त पडला तरी महागच.

पैशाचं बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी 5 टक्के झाला आहे. आधी 1000 पर्यंत 12 आणि त्यापुढे 18 टक्के होता. म्हणजे मूळ किंमत 1500 असलेल्या जोडावर पूर्वी 270 रुपये कर लागायचा, आता 75. घासाघीस करताना हे लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर अडीचशेच्या चार जोडांपेक्षा हजार-बाराशेचा एक जोड घ्यावा, साधा, काळा किंवा तपकिरी, जो साडीखाली, ड्रेसखाली, ऑफिसात, सगळीकडे चालेल. आणि घेतल्या दिवशीच मोच्याकडे नेऊन तळाला कडेने शिलाई मारून घ्यावी. नुसता चिकटवलेला तळ आपल्या उन्हात सुटतोच. थोड्या पैशात जोडाचं आयुष्य वाढतं.

ॲपवरून घेणाऱ्यांसाठी एकच. 8 नंबर म्हणजे कुठला 8, ते बघा. पुरुषांचा ब्रिटिश 8 म्हणजे अमेरिकन 9 आणि युरोपियन 42. यात फसून परत पाठवायचं म्हटलं की तालुक्याच्या गावात कुरिअरवाल्याची वाट बघण्यात भाऊबीज निघून जाते.

कोल्हापुरीबद्दल लिहिलं नाही तर लोक रागावतील. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने आणि चिडून पोस्टी टाकल्या. 2019 पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मला ती फार आवडते. नऊवारीवर, झब्ब्यावर, जीन्सवर, कशावरही शोभते. पण ती आपल्या काळ्या मातीची नाही. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला की शेताच्या वाटेवर एकेक पाय दोन किलोचा होतो, त्यात कोल्हापुरी गेली की संपली. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात नको, आणि नवी असताना पट्ट्यांना आतून खोबरेल चोळा. साखरेचा आजार असलेल्या वडिलांना मात्र प्रेमाने कोल्हापुरी भेट देऊ नका. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर घासून झालेली जखम त्यांना कळतही नाही. त्यांच्यासाठी मऊ तळाची एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची चप्पल असते. हल्ली ती बऱ्या रंगात, बऱ्या पट्ट्यांत मिळते, दवाखान्यातून आणल्यासारखी दिसत नाही.

लेकरांना "वाढत्या पायाचे" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेणं थांबवा, पडतात बिचारी. चालताना पीं-पीं वाजणाऱ्या बुटांबद्दल मी शेजारी म्हणून बोलले असते, पण सण आहे.

माझ्या मते दिवाळीची सर्वांत उपयोगी चप्पल घराबाहेरची नाहीच. आपल्या घरांत शहाबादी नाहीतर टाइल्स. त्यावर अनवाणी उभं राहून बायका चकल्या तळतात, करंज्या भरतात, शंकरपाळ्यांचं पीठ लाटतात. रात्री टाच ठणकते, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकवत नाही. त्यावर मलम येतं, गोळी येते, स्लीपर येत नाही, कारण "स्वयंपाकघरात चप्पल? देवघर शेजारी आहे!" मान्य. मग बाहेर कधीच न जाणारा, धुता येणारा, जाड मऊ तळाचा एक जोड फक्त घरासाठी घ्या आणि देवघरापाशी काढून ठेवा. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा तो कपाटात टाकला होता. आता धुवायला घेतला तरी विचारतात, "कुठं नेलीस गं माझी?"

आता माझाच प्रश्न. बायकांच्या सँडलमध्ये 8 नंबर मागितला की लातूरच्या दुकानात सरळ उत्तर येतं, "ताई, जेंट्समध्ये बघा." उंच बाईला नाजूक काही घालावंसं वाटतच नसेल असं यांनी ठरवून टाकलंय. नांदेडला वजिराबादकडे किंवा संभाजीनगरात पैठण गेटच्या आसपास रुंद पायाचा, 8 नंबरचा, दीड हजाराच्या आतला, टाच फार उंच नसलेला जोड कुणी पाहिला असेल तर दुकानाचं नाव कळवा. वसुबारसेच्या आत कळवलंत तर बरं, मग गर्दीत मला कुणी आत घेणार नाही.