निर्दोष माणसाने करायची पूर्वतयारी

निर्दोष असणं वाटतं तितकं सोपं नाही. गुन्हेगाराचं बरं असतं, आपण काय केलं हे त्याला निदान ठाऊक तरी असतं. तुमचं तसं नाही, तेव्हा तयारीला आजच लागा.

आधी जन्म नीट बघून घ्या. भटक्या जमातीत, मजुरी करणाऱ्याच्या पालावर मुळीच जन्मू नका. २००३च्या जूनमध्ये शेतातल्या एका झोपडीवर दरोडा, खून, बलात्कार असं सगळं झालं. त्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधल्या चार फोटोंवर बोट ठेवलं. ते चौघे राहिले बाजूला आणि पकडले गेले भलतेच सहाजण, भटक्या जमातीतले मजूर. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. २००७मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. हे तिघे जरा हुश्श करतात तोवर, २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत उभं केलं. म्हणून सांगतो, शिक्षा कमी झाली तर पेढे वाटायची घाई नको.

मार्च २०१९मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अल्बममधल्या त्या चौघांचा तपासच झाला नव्हता, हेही सांगितलं. वर सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत असा हुकूम. आता तुम्ही हिशेबी माणूस, १६ वर्षांनी भागून बघा: दिवसाला साधारण ८५ रुपये. राहणं-खाणं सरकारचं, हे मात्र त्यात धरू नका, लगेच कापून घेतील.

दुसरं, शाळेचा दाखला. लग्नाला लागतो, रेशनला लागतो, फाशी टाळायलाही लागतो. पुण्यातल्या १९९४च्या हत्याकांडात फाशी झालेला एकजण नागपूरच्या तुरुंगात होता. त्याची जन्मतारीख राजस्थानातल्या एका शाळेत लिहिलेली होती. ती धरून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. गुन्ह्याचं काय ते वेगळं, पण अल्पवयीन मुलाला जास्तीत जास्त ३ वर्षं ठेवता येतं. हा २८ वर्षं आत होता. तेव्हा दाखल्याच्या झेरॉक्स भरपूर काढा, लॅमिनेशनही करा. आई ट्रंकेत तळाशी ठेवते तसा ठेवू नका, तपास अधिकारी ट्रंकेच्या तळापर्यंत जात नाहीत.

तिसरं, तब्येत सांभाळा. मुंबईच्या लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५मध्ये १२ जणांना शिक्षा झाली, त्यातल्या ५ जणांना फाशी. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने बाराही जणांना सोडलं. (तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालय म्हणालं, या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत द्यायचा नाही. सुटलेल्यांनी मात्र बाहेरच राहावं.) बारांपैकी एकाने घाई केली. तो २०२१मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने गेला. चार वर्षं दम धरला असता तर निर्दोष म्हणून मेला असता.

सुटकेचं काय? आर्थर रोड तुरुंगाबाहेर एक पेटी आहे, कोर्टाचा कागद त्यात पडावा लागतो. पेटी तिच्या वेळेलाच उघडते. वकिलाची गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तर ती रात्र आतच. इतकी वर्षं काढलीत, आणखी एका रात्रीसाठी तोंड वाकडं करू नका.

आणि उचलायला आले की शर्ट जरा मोठ्या मापाचा घाला. बाहेर येताना तोच परत मिळेल, तोवर पोट सुटलेलं असेल.