पी०४०१ म्हणजे ‘व्हॉल्व्ह गेला’ असं नव्हे

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो: “चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४०१ आला, म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह गेला. नवा टाका, नाहीतर मध्ये पत्रा बसवून बंद करा. पिकअप आणि ॲव्हरेज वाढतं, पीयूसीही पास होते.”

“व्हॉल्व्ह गेला.” ईजीआर म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था. पी०४०१ हा कोड एवढंच सांगतो की तो धूर जितका परत यायला हवा तितका येत नाही. का येत नाही, ते आपण शोधायचं. वाट काजळीने बुजली असेल तर नव्या व्हॉल्व्हचे पैसे पाण्यात.

डिझेल गाडीत इंजिन पूर्ण तापू द्या. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी उभी ठेवून) स्कॅनरमध्ये एमएएफचा, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा लावा आणि स्कॅनरवरूनच व्हॉल्व्ह उघडबंद करा. १२४८ सीसीच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरला ३१२ सीसी येतात. एका सीसी हवेचं वजन साधारण १.२ मिलिग्रॅम, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना दर स्ट्रोकला साधारण ३७० मिलिग्रॅमच्या आतला आकडा दिसेल (पुण्याच्या उंचीवर आणखी थोडा कमी). व्हॉल्व्ह उघडला की हा आकडा ठळकपणे पडलाच पाहिजे.

व्हॉल्व्हची पोझिशन हलते पण हवेचा आकडा ढिम्म, तर पाइप, ईजीआर कूलर (हा धूर थंड करणारा भाग) किंवा मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) तोंड चोंदलंय. पोझिशनच हलत नसेल तर आधी कनेक्टरवर सेन्सरचे ५ व्होल्ट आणि अर्थिंग तपासा. ते ठीक असेल तर व्हॉल्व्हची मोटर गेली किंवा त्याची दांडी काजळीत चिकटली. बंद असतानाच आकडा फार कमी दिसला, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही किंवा एमएएफ मळलाय. मळलेला एमएएफ हवा कमी दाखवतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, धूर जास्त येतोय असं वाटतं आणि तो चांगला व्हॉल्व्ह मिटून घेतो.

साफ करताना मोटरचा भाग क्लीनरमध्ये बुडवू नका, व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो ती सीट स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. गॅस्केट नवंच टाका. बऱ्याच गाड्यांत नंतर स्कॅनरने व्हॉल्व्हची पोझिशन पुन्हा शिकवावी लागते. ती पायरी गॅरेजमध्ये हमखास राहते.

“पिकअप, ॲव्हरेज वाढतं.” ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईजीआर तसाही बंद होतो, चांगल्या व्हॉल्व्हवर पत्रा लावून पूर्ण ताकद वाढणार कुठून? फरक जाणवतो तो उघडा अडकलेल्या व्हॉल्व्हच्या, काळा धूर ओकणाऱ्या गाडीत. तिथे साफसफाईनेही तोच गुण येतो. पेट्रोल इंजिनात तर ईजीआरमुळे थ्रॉटलपाशी हवा ओढण्याचे कष्ट कमी होतात; तो बंद केल्यावर ॲव्हरेज उलट घटू शकतं, आणि अर्ध्या लोडवर नॉकिंग (इंजिनात ठोके) सुरू होऊ शकतं ते वेगळंच.

“पीयूसी पास होते.” होणारच. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही, आणि ईजीआर बंद केल्यावर वाढतात ते नेमके हेच.

“पत्रा बसवा, कटकट मिटली.” पत्रा बसला की धुराचा प्रवाह शून्य. प्रवाहावर नजर ठेवणाऱ्या ईसीयूला तो कमीच दिसणार, आणि काही दिवसांत स्कॅनरवर पुन्हा पी०४०१.