कागद सुटला की पुट्टी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार म्हापसेकर,

(नाव दिलं नाहीत, गाव तेवढं दिलंत, तेव्हा हेच चालवून घ्या.) वॉलपेपरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की गोव्यातला एक पावसाळा गेला की कागद सुटून लोंबायला लागतो, भावाच्या फ्लॅटमध्ये तेच झालं. प्रायमर हे दुकानदारांनी काढलेलं खूळ आहे, तुमचा पेंटर सरळ पुट्टीवर कागद डकवतो. चौरस फुटांवरून काढलेला रोलांचा हिशेब कधी जुळत नाही. आणि त्यापेक्षा इमल्शन रंग मारलेला स्वस्त आणि सोयीचा. वर 'लोकांना खड्ड्यात घालू नका' हेही आहेच. खड्ड्याचं नंतर बघू, आधी मुद्दे घेऊ.

भावाच्या घरचा कागद अजून भिंतीवर असेल तर सुटलेला एक कोपरा हलकेच ओढा आणि त्याची पाठ बघा. पाठीला पांढरी भुकटी किंवा पापुद्रे चिकटून आले असतील, तर खळीने आपलं काम चोख केलंय. भिंतीला सोडलं ते पुट्टीने. पाठ स्वच्छ आणि भिंत तुकतुकीत दिसली, तर खाली ऑइल पेंट आहे आणि त्याला कोणी पॉलिश पेपर मारलेला नाही. काळे ठिपके आणि कुबट वास असेल, तर ओल आहे. तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींवरचे इलाज वेगळे. सगळ्यांना 'गोव्याची हवा' म्हटलं की पेंटर मात्र छान मोकळा होतो.

तुमच्या वर्णनात कागदाच्या पट्ट्यांमधले जोड आधी उघडले असं आहे. त्यावरून मला पहिल्या प्रकाराचा दाट संशय येतो, कारण सरळ पुट्टीवर कागद लावला की नेमकं असंच होतं. कोरडी पुट्टी खळीतलं पाणी बघता बघता पिऊन टाकते. पट्टी सरकवून नक्षी जुळवायला वेळच उरत नाही, मग माणूस जोर लावून कागद ताणतो. ताणलेला कागद वाळताना आखडतो आणि कडा ओढतो. त्यात पॉलिश पेपर मारल्यानंतरची धूळ पुसलेली नसली तर खळ भिंतीला धरतच नाही, धुळीला धरते. तळहात भिंतीवरून फिरवा, पांढरा झाला तर ती भिंत कागदाला तयार नाही. ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची, मग प्रायमरचा एक हात आणि किमान एक रात्र मध्ये. प्रायमरचा दुसरा फायदा कोणी सांगत नाही: उद्या कागद नको झाला तर तो पुट्टीचे पोपडे न काढता निघतो. जुना चुना किंवा साधा डिस्टेंपर असेल तर त्यावर प्रायमरही मारू नका, पार गिलाव्यापर्यंत खरवडून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पळवाट नाही.

आता ओलीचं. इथे तुमचं अर्धं म्हणणं मला मान्यच आहे. वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आपल्याकडे पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि तो नैऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला कागद लावू नये. न्हाणीघराला पाठ लागून असलेल्या भिंतीलाही नाही. चिऱ्याच्या जुन्या घरात जोत्यापासून वर ओल चढते, गिलावा फुगतो, त्याला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून तो भुसभुशीत होतो. नखाने टोकरलं तर पिठासारखा गळतो. असल्या भिंतीवर व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला कागद, चढवणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालणं. पाणी आत कोंडतं आणि बुरशीचं फावतं. पण बहुतेक घरांत आतली एखादी कोरडी भिंत असतेच. हॉल आणि बेडरूमच्या मधली, पलंगाच्या डोक्याकडची. मी लिहिलं होतं ते त्या भिंतीबद्दल.

ती ओळखायची कशी? हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून भिंतीवर लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीतल्या दमट हवेचं, खिडक्या उघडून त्याचं भागतं. मात्र ही तपासणी ऑगस्टात करायची आणि कागद फेब्रुवारीत लावायचा. लोक बरोबर उलटं करतात. चवथ तोंडावर आली की गणपतीमागची भिंत आठवते, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायच्या आधी कागद हवाच असतो, आणि भर पावसात खळ कालवली जाते. ती धड वाळतही नाही. चवथीसाठी कागद हवा असेल तर पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायच्या आधी काम उरकलेलं असावं.

लावून झाल्यावर पंखा फुल्ल सोडू नका, एसी तर नाहीच. खिडक्या जवळपास बंद ठेवून कागद सावकाश वाळू द्यायचा. नंतर कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. भावाच्या घरी काळं पडलंय ते कपाटामागे का, हे जरूर बघा.

इमल्शन रंग स्वस्त पडतो आणि फोड आला तर तेवढंच खरवडून पुन्हा मारता येतं, हे खरं. सगळ्या घराला तोच मारा. मी कुठे अडवतोय?

राहिला हिशेब. तो जुळत नाही कारण चौरस फुटांनी मोजला जातो. नेहमीचा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10.05 मीटर लांब, म्हणजे साधारण 57 चौरस फूट. बारा फूट रुंद, दहा फूट उंच भिंत 120 चौरस फुटांची, भागाकार केला तर दोनाहून थोडे जास्त रोल येतात. पण कागद पट्ट्यांनी लागतो. त्या रुंदीला 7 पट्ट्या लागतात, वरखाली कापायला दहा सेंटिमीटर सोडले की एका रोलातून 3 निघतात. झाले 3 रोल. जुन्या घरात भिंत चौदा फूट उंच असली तर एका रोलातून 2 पट्ट्या निघतात आणि रोल लागतात 4, चौरस फुटांनी मात्र 3 पुरायला हवेत. नक्षी मोठी असेल तर ती जुळवण्यात आणखी तुकडे जातात. म्हणून पट्ट्या मोजा आणि सगळे रोल एकाच बॅचचे आहेत ना ते लेबलवर बघून घ्या. एक जास्तीचा घेत असाल तर न उघडलेला रोल परत घेणार का, हे पैसे देण्याआधीच दुकानदाराला विचारा.