मानेचं दुखणं

जुनी अकूस्टिक गिटार दुरुस्त करावी का, असं विचारणाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असतो. त्याला फक्त हिशेब तसा जुळवून हवा असतो. मीही वही घेऊन बसलो ते त्याच पवित्र हेतूने.

पहिली परीक्षा लाकडाची. साउंडहोलची, म्हणजे मधल्या गोल भोकाची, कड बघायची. टॉपवरच्या, म्हणजे वरच्या फळीवरच्या, उभ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर लाकूड अखंड, थर दिसले तर प्लायवूड. मी टॉर्च, भिंग आणि भरपूर श्रद्धा घेऊन पाहिलं. थर होते. घरात मात्र ‘रेषाच आहेत, जरा आडव्या गेल्यात’ असं जाहीर केलं.

“पण वाजते का ती?” बायकोने विचारलं. इतका व्यवहारी प्रश्न मला अपेक्षित नव्हता.

वाजत होती, तिसऱ्या फ्रेटपर्यंत, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीपर्यंत. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण अडीच मिलिमीटर वर असली की बरी. माझी पाचावर होती. त्यात तिचा काय दोष? स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की मिळून 70 किलोच्या आसपास ओढ धरतात. एवढ्या वजनाचा पाहुणा वर्षानुवर्षं गळ्यात पडून राहिला तर कुणाचीही मान कलेल.

कारागिराने ब्रिजखाली, म्हणजे तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याखाली, कागद सरकवून पाहिला. सहज गेला. टॉपवर बोटांनी टकटक केलं, तर आतून सुटलेल्या ब्रेसने, म्हणजे टॉपला आधार देणाऱ्या पट्टीने, खरखरून हजेरी लावली. ब्रिजवर तारांना उंची देणारं सॅडल आधीच कुणीतरी तासून संपवलेलं. म्हणजे उपाय एकच, नेक रीसेट: एक फ्रेट काढायची, खाली भोक पाडून सांध्यात वाफ सोडायची, सरस मऊ झाला की मान सोडवायची, धडाला टेकणारी तिची टाच किंचित तासून कोन बदलायचा आणि पुन्हा बसवायची. ऐकतानाच मी गहिवरलो. मग त्याने आकडा सांगितला आणि गहिवर ओसरला.

“एवढे?”

“भारी गिटारला जेवढे तास लागतात, तेवढेच हिलाही लागणार. आणि सांध्यात सरसाऐवजी इपॉक्सी निघालं, तर वाफेलाही दाद देणार नाही.”

या एका वाक्याने माझं अर्थशास्त्र झोपलं. मजुरी गिटारची किंमत विचारून ठरत नाही. आता वहीत एकच आधार उरला होता: आठवणी. त्या मी जमेला धरल्या. मी अर्धवट शिकलेली तीन गाणी वर्षभर ऐकलेल्या घरच्यांनी त्याच आठवणी नावे टाकल्या.

तोड शेवटी कारागिरानेच काढली. स्लाइड वाजवा म्हणाला. त्यात तार फ्रेटवर दाबायचीच नसते. बोटात काचेची नळी घालून ती तारेवरून सरकवायची, आणि त्याला तारा उंचच लागतात. एका क्षणात माझ्या गिटारचा दोष तिचा गुण झाला! ब्रिज आणि ब्रेस चिकटवून घेतले, तारा बदलल्या, मानेला हात लावला नाही. खर्च ऐकून घरातही कुणी दचकलं नाही.

फक्त स्लाइडमध्ये फ्रेट सूर पकडून देत नाहीत, आपला आपण कानाने शोधावा लागतो. मी रोज संध्याकाळी शोधतो. परवा जिन्यात शेजाऱ्यांनी आस्थेने विचारलं, “सापडला का?”