फिल्मचा फोटो म्हणजे तपासणी नव्हे

खानापूर, निपाणीकडच्या गटांतून सध्या एक मजकूर फिरतोय : "एमआरआयचा फोटो एआयला दाखवा, मेंदूचा कोणताही आजार एका मिनिटात कळतो. बेंगळुरूच्या फेऱ्या बंद!" मी बेळगावात सीटी-एमआरआय काढायचं काम करतो. हे वाचून गप्प बसवेना.

"फोटो दाखवा." ट्यूबलाइटसमोर धरलेली फिल्म, तिच्यावर पंख्याची सावली. एका एमआरआयमध्ये शेकडो प्रतिमा असतात, फिल्मवर त्यातल्या निवडक. रुग्णालयातलं सॉफ्टवेअर मूळ फाइल वाचतं.

"कोणताही आजार." पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय नॉर्मल येऊ शकतो, डॉक्टर चाल, थरथर, ताठरपणा बघतात. विस्मरणाची चाचणी तर भाषेवरच उभी. मराठीत वाढलेल्या आजीला कन्नडात प्रश्न विचारले तर गुण कमी पडणारच, मग विचारणारा माणूस असो की यंत्र. फिट आलेल्या तरुणाच्या स्कॅनवर कड्यासारखा डाग दिसतो, तो आपल्या देशात पुष्कळदा फितकृमीच्या अळीचा किंवा क्षयाचा असतो. औषधांनी बरा होणारा. मोबाइल त्याला "ट्यूमर" म्हणाला तर त्या घरात रात्रभर काय चालतं, हे मी सकाळी त्यांच्या चेहऱ्यांवर बघितलंय.

"एका मिनिटात." यात तथ्य आहे. सीटीवरचा रक्तस्राव ओळखणाऱ्या मुंबईच्या क्युअर डॉट एआयच्या प्रणालीला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण तिचं काम गंभीर स्कॅन रांगेत पुढे आणायचं, निर्णय डॉक्टरांचाच. अशी सोय तालुक्याच्या दवाखान्यात यायलाच हवी. बेंगळुरूच्या फेऱ्यांत माणसं खरंच पिचतात.

पक्षाघातात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटीत रक्तस्राव नाही हे बघून. जांबोटीकडच्या एका काकांचं सकाळी आठला तोंड वाकडं झालं. मुलानं कपाटातली फिल्म काढून मोबाइलला दाखवली. उत्तर आलं, "नॉर्मल." ते आमच्याकडे पोचले दुपारी दोनला. शेवटचं नीट बोलताना कधी बघितलं, हा आमचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर देता देता काकू म्हणाल्या, "मोबाइलात नॉर्मल आलंय की." फिल्म माझ्या हातात होती. तीवर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती.