‘अर्ध्या तासाचं काम पाच तास’ या तक्रारीला गॅरेजचं उत्तर

नमस्कार,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 2006 ची, वॉरंटी केव्हाच संपलेली पोर्शे 911 कॅरेरा एस घ्यायच्या आधी आमच्याकडे तपासायला दिली. पहिल्या दिवशी इंजिन गरम आहे म्हणून आम्ही ती परत पाठवली. दुसऱ्या खेपेला पाच तास घेतले आणि रिपोर्टात इंजिनापुढे ‘निर्णय नाही’ लिहून पैसे मात्र पूर्ण घेतले. तेच काम दुसऱ्या मेकॅनिकनं अर्ध्या तासात स्कॅनर लावून केलं, ‘बिघाडाचा एकही कोड नाही, बिनधास्त घ्या’ म्हणाला. तोवर गाडी तिसऱ्याच कोणी नेली.

आमच्या दोन चुका आधी. गाडी थंड हवी हे आम्ही फोनवर बोललो, लिहून पाठवलं नाही, त्यामुळे तुमचा एक दिवस वाया गेला. आणि ‘निर्णय नाही’ हे शब्द कारण न देता छापले. पुढची गाडी आणाल तेव्हा तपासणी अर्ध्या दरात करू. बाकी मुद्द्यांवर मात्र आमचा रिपोर्ट आम्हाला आजही बरोबर वाटतो, आणि का ते सांगायला हवं.

स्कॅनरपासून सुरू करू. कोड नाही, हे खरंच. पण त्याच स्कॅनरवर आणखी एक पान असतं, ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, स्वतःच्या चाचण्यांचं: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीतली पेट्रोलची वाफ वगैरे. कोड पुसले की या चाचण्याही शून्यावर जातात आणि काही दिवस वेगवेगळ्या वेगानं गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. तुमच्या गाडीत तीन चाचण्या अपूर्ण होत्या, रिपोर्टाच्या दुसऱ्या पानावर त्या दिसतील. म्हणजे पाटी कोरी नव्हती, नुकतीच पुसलेली होती. बॅटरी काढल्यावरही असं होऊ शकतं, म्हणून विकणाऱ्याच्या हेतूबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नाही. पण अशा पाटीवरून ‘बिनधास्त घ्या’ म्हणता येत नाही. शिवाय सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडलेत हे सांगणारा सेन्सर कुठल्याच गाडीत नसतो. मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळल्याचा, कोड येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

त्याच ईसीयूतून आम्ही इंजिन किती तास चाललंय तेही काढलं: 1,850 तास. मीटर 61,000 किमी. भागाकार करा, सरासरी वेग येतो ताशी 33 किमी. शहरातल्या गाडीला हे शोभतं. विकणारा मात्र गाडी फक्त हायवेवर चालली असं सांगत होता. एवढ्यावरून मीटर फिरवलाय असं कोणी म्हणू नये, पण जुनी बिलं मागायला एवढं पुरेसं आहे, आणि बिलं शेवटच्या दोनच वर्षांची निघाली.

एक नोंद गाडीच्या बाजूचीही होती, ती तुम्ही रिव्ह्यूत भीतीच्या यादीत टाकलीत. मॅन्युअल गिअरच्या या गाड्यांत ईसीयू ओव्हररेव्ह, म्हणजे इंजिनाचं मर्यादेबाहेर फिरणं, दोन खान्यांत मोजतो. पहिला खाना पायानं लिमिटरला (इंजिनाचे फेरे रोखणाऱ्या यंत्रणेला) भिडवल्याचा, तो कुठल्याही स्पोर्ट्स कारमध्ये भरलेलाच असतो. दुसरा चुकीचा गिअर पडल्याचा: चौथ्याऐवजी दुसरा पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि लिमिटरचा काही उपयोग राहत नाही. तुमच्या गाडीत दुसऱ्या खान्यात 150 होते. हे सेकंद नव्हेत, ठिणग्या. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीत तीन ठिणग्या पडतात. 7,500 आरपीएमला सेकंदाला 375. म्हणजे सगळा प्रकार अर्ध्या सेकंदाच्या आतला. आणि शेवटची नोंद 640 व्या तासाला, त्यानंतर इंजिन 1,210 तास चाललंय. व्हॉल्व्ह वाकायचे असते तर तेव्हाच वाकले असते. रिपोर्टात यापुढे ‘चिंता नाही’ लिहिलंय, कृपया पुन्हा पाहा.

गरम इंजिन का चालत नाही? चेनच्या टेन्शनरची खडखड रात्रभर उभ्या गाडीत पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते, एकदा ऑइल वर चढलं की आवाज गप्प. धुराचंही तसंच. हे इंजिन आडव्या सिलिंडरचं, त्यामुळे उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि सुरू करताना निळसर फुंकर येते, ती किरकोळ. पण पांढऱ्या धुराचा लोट आला आणि थांबेचना, तर एअर-ऑइल सेपरेटरचा (इंजिनातल्या हवेतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागाचा) पडदा फाटलेला असू शकतो. खात्री करायची तर इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उचला: किंचित ओढ लागली तर ठीक, झाकण निघता निघत नसेल तर पडदा गेला. विकणारा गाडी ‘जरा गरम करून’ आणतो तेव्हा यातलं काहीच कळत नाही. ओरखड्यांची खूण असलेली गरम इंजिनाची टकटक वेगळी, तीही ऐकावी लागते. म्हणूनच थंड, मग ट्रायल, मग पुन्हा लिफ्टवर, आणि वेळ तिथेच जातो.

आता मुख्य मुद्दा. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बोअरमध्ये लोखंडी लायनर नाही, भिंतीतल्या सिलिकॉनच्या कणांवर पिस्टन सरकतो. पिस्टनच्या कडेचं कोटिंग झिजलं की धातूवर धातू घासतो आणि उभे ओरखडे पडतात. थंड इंजिनाला जोरात रेस देणं, हिवाळ्यात बराच वेळ नुसतं चालू ठेवणं, गळका इंजेक्टर भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकणं, ही नेहमीची कारणं. सगळ्यात जास्त सापडतो तो सहा नंबरचा सिलिंडर.

तुमच्या गाडीत काय दिसलं? सहाही प्लग काढून ओळीत मांडले तेव्हा पाच करडे-तपकिरी होते, सहावा काळा आणि चिकट. कॅमेऱ्यात सहा नंबरच्या भिंतीवर दोन-तीन बारीक उभ्या रेघा. सायलेन्सरच्या एका बाजूच्या नळीत दुसरीपेक्षा जास्त काजळी. कॉम्प्रेशन सगळीकडे 10 टक्क्यांच्या फरकात, म्हणजे पास. लीकडाउनमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती गळते त्या चाचणीत, पाच सिलिंडर 6 ते 8 टक्के, सहावा 11. साधारणपणे 10 च्या आत निर्धास्त, 20 च्या वर गंभीर, मधलं नजर ठेवण्याचं. इथे गोम अशी की ओरखडे असूनही रिंगा हवा धरून ठेवू शकतात, म्हणून कॉम्प्रेशन चांगलं आलं तरी सुटका होत नाही. आणि प्लगच्या भोकातून गेलेल्या कॅमेऱ्याला बोअरचा वरचा भागच नीट दिसतो, ओरखडे बऱ्याचदा खालून सुरू होतात. रेघेत नख अडकेल की नाही, हे वरून सांगताच येत नाही.

खात्रीचा मार्ग एकच: ऑइल काढायचं, सुमारे 8 लिटर निघतं, खालचं चेंबर, म्हणजे ऑइल साचतं ते भांडं, उतरवायचं आणि कॅमेरा खालून घालायचा. परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून सीलंट लावून ते सुकू द्यावं लागतं. विकणाऱ्यानं याला परवानगी दिली नाही. गाडी त्याची, त्याचा हक्क. पण मग आमच्या हातात संशय राहतो, निकाल नाही. ‘चांगलं’ लिहिलं असतं तर तुमची फसवणूक, ‘खराब’ लिहिलं असतं तर त्याची. संशय खरा निघाला तर नुसत्या नव्या रिंगांवर किंवा हाफ इंजिनात भागत नाही. इंजिन खाली उतरवून ब्लॉकला नवं प्लेटिंग किंवा लायनर आणि नवे पिस्टन लागतात. गाडी कोणी नेली असेल, त्यानंही आधी चेंबर उतरवून पाहिलं असावं अशी आशा.

आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची) ‘इंटरनेटवरची भीती’ आम्ही विकत नाही. 2006 च्या या इंजिनात मोठं बेअरिंग असतं, ते ब्लॉक दुभागल्याशिवाय निघतच नाही, म्हणून बदला असं आम्ही म्हटलेलंच नाही. आधीच्या छोट्या बेअरिंगपेक्षा ते कमी वेळा जातं. आम्ही सांगितलं ते इतकंच: क्लच प्लेट बदलाल तेव्हा बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाका, इंजिन ऑइल आत पोहोचेल, आणि प्रत्येक सर्व्हिसला ऑइल फिल्टरचा कागद कापून, उलगडून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, न चिकटणारी चमक ॲल्युमिनियमची, प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या गाइडचे. 2005 च्या गाड्यांत दोन्ही प्रकारची बेअरिंग सापडतात, तिथे वर्षावर न जाता इंजिन नंबर पाहावा. 2009 मॉडेलपासूनच्या कॅरेरात ही शाफ्टच नाही.

विकणारा डीलर तीन महिन्यांची वॉरंटी देत होता आणि आम्ही ‘खोडा घातला’ असंही तुम्ही लिहिलंय. असा कागद हातात आला की तीन कलमं शोधा: झीज वगळली आहे का, एका क्लेमची कमाल मर्यादा किती, आणि दोष शोधण्यासाठी इंजिन उघडायचा खर्च कोणाचा. तिसरं कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. क्लेम नाकारला तर उघडलेलं इंजिन आणि ते उघडायचं बिल दोन्ही मालकाच्या गळ्यात.

रंगाची जाडी, टायर, रेडिएटर याबद्दल तुमची तक्रार नाही, म्हणून लांबण लावत नाही. फक्त मागचे टायर 1417 शिक्क्याचे, म्हणजे 2017 च्या चौदाव्या आठवड्याचे होते; खाचा कितीही खोल दिसल्या तरी ते बदलायचेच.

पुढची गाडी पाहाल तेव्हा विकणाऱ्याला दोन गोष्टी आधीच लेखी विचारा: आदल्या रात्रीपासून गाडी सुरू न करता देणार का, आणि गरज पडली तर चेंबर उतरवू देणार का. दुसऱ्याला नकार आला तर आम्हाला गाडी आणण्याआधीच कळवा. तेव्हा फक्त वरून होणारी तपासणी करू आणि तेवढ्याचेच पैसे घेऊ.