पन्नीतला दवाखाना

नागपुरात पेशंट भरती व्हायला येतो तेव्हा एका हातात फाइल असते, दुसऱ्या हातात पन्नी, म्हणजे घरच्या गोळ्यांची प्लास्टिकची पिशवी. फाइल डॉक्टरांची. मी वॉर्डातली सिस्टर, आधी पन्नीची गाठ सोडायला लावते.

"काकाजी, ही गुलाबी कशाची?"

"बीपीची."

"अन् ही पांढरी?"

"ते बी बीपीचीच. ते धंतोलीवाल्या डॉक्टरची हाय."

दोन्हीत टेल्मिसार्टन 40. कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध तेच. वॉर्डातली तिसरी मिळाली की झाले 120. मग काकाजी बाथरूमला उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दोष जेवणाला लागतो.

औषधाचं नाव वाचावं, तर गोळ्यांचा पत्ता कातरीनं कापलेला. नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि दोन्ही तुकडे घरी. कापायचंच असेल तर नाव-तारखेची बाजू शेवटी कापा ना, बाप्पा!

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहाच्या किमान अर्धा तास आधी. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. पण आपल्याकडे चहा आधी, डोळे नंतर उघडतात. दम्याची कॅप्सूल तर रोटाहेलरमध्ये, म्हणजे तोंडाला लावायच्या छोट्या यंत्रात, फोडून श्वासासोबत ओढायची. कित्येक जण ती पाण्यासोबत गिळतात. दमा छातीत, औषध पोटात!

माझा खरा धसका मात्र इन्सुलिनचा. एका मिलिलीटरमध्ये 40 युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, 100 च्या बाटलीला नारिंगी. 40 च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं 20 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. उलट केलं, तर 20 चे 50, आणि साखर धाडकन खाली. संत्र्याच्या गावात नारिंगी रंगावर लगेच भरवसा बसतो. इथं आधी बाटलीवरचा आकडा वाचा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर, बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही; गोठली की फेकायची. मे महिन्यात पारा 45 वर असताना ती स्कूटरच्या डिक्कीत ठेवून मेडिकल चौकातून घरी नेणाऱ्यांना मी हात जोडते.

दवाखान्यातून सुट्टी होते त्या दिवशी नवी चिठ्ठी समजावून सांगते: 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जुन्या गोळ्या बंद. काकाजी "हाव, हाव" म्हणत मान हलवतात, पन्नीला गाठ मारतात, दारापर्यंत जातात आणि वळतात.

"सिस्टर, ते गुलाबी तं चालूच ठेवाची ना?"